साडेसहा फेरे

विसरभोळ्या बायकांच्या गोष्टी मला ऐकवत नाहीत. शनिवारी कुणाकडे जेवायला माणसं जमली, की गुलाबजाम येईपर्यंत कुणीतरी सुरू करतंच. "आमची ही बघा, गॅरेज उघडं टाकून थेट शिकागो!" मग दुसरा आपल्या हिची सांगतो. बायकाही हसतात. मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठतो आणि गोष्टी संपेपर्यंत स्वयंपाकघरात उभा राहतो. घरी जाताना बायको विचारते, "तुला एवढं काय होतं रे?" तिला मी कुमुदकाकूंबद्दल सांगितलेलं आहे, पण सगळं नाही. सगळं इथे लिहितो.

एक्याऐंशी साली मी पीएच.डी.साठी ॲन आर्बरला आलो, तेव्हा माझ्या मामांच्या ओळखीने टेंभेकरकाका आणि कुमुदकाकू मला घ्यायला विमानतळावर आले होते. काका डेट्रॉइटजवळ एका मोटार कंपनीत इंजिनिअर होते. उंच, बोलका माणूस, पहिल्या पाच मिनिटांत खांद्यावर हात टाकणारा. काकू ठेंगण्या, साडीवर स्वेटर, चपलांत जाड मोजे. माझी एक बॅग आली नव्हती. काका काउंटरवरच्या माणसाशी हुज्जत घालत होते आणि मी बॅगेची पावती शोधत सगळे खिसे उलटे करत होतो. मघाशी हातात होती, आता कुठेच नव्हती. तोवर एक शब्दही न बोललेल्या काकू पुढे झाल्या आणि त्यांनी पावतीवरचा सहा आकडी नंबर घडाघडा म्हणून दाखवला. नंबर इंग्रजीत सांगितला आणि वर त्या माणसाला मराठीत म्हणाल्या, "लिहून घ्या." त्याने मुकाट्याने लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी बॅग आली.

लग्नाआधी काकू नाशिकच्या तार ऑफिसात सहा वर्षं नोकरीला होत्या. दिवसभर कड्‌कट्ट ऐकायचं आणि अक्षर न चुकवता उतरवायचं. "तारेत मध्येच थांबून, काय म्हणालात, असं विचारता येत नाही," त्या सांगत. ती सवय त्यांच्या अंगात मुरली होती. बोलायच्या कमी, पण बोलल्या की ते खोडायची सोय नसे. त्यांचा राग फक्त एका शब्दावर होता, 'बहुतेक'. मी एकदा म्हणालो, "काकू, मी रविवारी बहुतेक येईन." त्या म्हणाल्या, "बहुतेक म्हणजे पोळ्या किती करू?" वर म्हणाल्या, "बहुतेक तारेत चालत नाही. येतो किंवा येत नाही, एक काय ते सांग." पुढे मी त्यांच्याशी बोलताना हा शब्द जिभेवर आला की गिळून टाकायचो. माझ्या प्रोफेसरांनी मला शिस्त लावली असं मी मुलाखतींत सांगत असे, ते खोटं आहे.

इथे त्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात कामाला होत्या. तळघरात फायलींच्या रांगाच रांगा, कॉम्प्युटर अजून तिथवर पोचला नव्हता. एकदा एक मोठा डॉक्टर खाली येऊन ओरडायला लागला, पेशंटची फाइल हरवलीत म्हणून. काकूंनी हातातलं काम ठेवलं नाही. म्हणाल्या, "मंगळवारी दुपारी तुम्हीच नेलीत. उजव्या हातात कॉफी होती म्हणून डाव्या हाताने सही केलीत. रजिस्टर बघा." फाइल त्याच्याच गाडीत निघाली. त्यानंतर त्या खात्यात काही सापडलं नाही की "आस्क कुमुद" म्हणायची पद्धत पडली. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांच्याबरोबर काम करणारी एक बाई मला बसमध्ये भेटायची, तिने सांगितलं. काकूंना घरी विचारलं तर म्हणाल्या, "कॉफी डाव्या हातात होती. ती बाई उलटं सांगते. तो डॉक्टर डावखुरा नव्हता, सही उजव्यानेच केली."

घरात मात्र 'आस्क कुमुद' चालत नसे. काका गोष्टी सांगण्यात पटाईत. मंडळाच्या गणपतीला त्यांच्याभोवती घोळका असायचाच. एकदा ते आपल्या पहिल्या हिमवादळाची गोष्ट सांगत होते. "एकोणसत्तर साल, नोव्हेंबर महिना, गाडीत पेट्रोल नाही, पोरगी तापाने फणफणलेली..." स्वयंपाकघरातून आवाज आला, "सत्तर. जानेवारी. ताप रेखाला नव्हता, तुम्हाला होता." हॉल हसून हसून लोळला. काकाही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या. असं वर्षातून चार-पाच वेळा व्हायचं. काकू मुद्दाम करत नसत. चुकलेलं दिसलं की दुरुस्त करायचं, एवढंच त्यांना ठाऊक. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि एकदाही त्या चुकल्याचं काकांना दाखवता आलं नव्हतं.

आता त्या पाण्याच्या चावीकडे येतो.

काकांचं बालपण बार्शीत गेलं. नळाला दिवसातून तासभर पाणी. एकदा पाणी नसताना नळ उघडाच राहिला, घरचे सगळे लग्नाला गेले आणि मागे पाणी आलं. आल्यावर पाहतात तो वर्षाची ज्वारी भिजलेली. नळ शेवटी काकांनी पाहिला होता, म्हणून वडिलांनी त्यांना पट्ट्याने बडवून काढलं. तेव्हापासून त्यांनी एक नेम धरला, घर रिकामं झालं की घरात येणारं पाणीच बंद करायचं. मिशिगनमध्ये चोवीस तास पाणी, कुणी कोरडा नळ उघडा टाकत नाही. पण नेम तो नेम. दुधाचा डबा आणायला दोघं निघाली तरी काका गाडी गरम करायला जात आणि काकूंना हाक मारत, "कुमुद, मेन!"

मेन म्हणजे बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या मागे, रस्त्यावरून आलेला पाइप भिंतीतून आत शिरतो तिथली चावी. लाल रंगाचं छोटं चाक. काकू तेरा पायऱ्या उतरायच्या, फर्नेसच्या मागे वाकून शिरायच्या आणि चाक उजवीकडे फिरवायच्या. "साडेसहा फेरे. मग ते चावतं," त्यांनी मला एकदा दाखवलं होतं. चावतं म्हणजे घट्ट लागतं. परत आलं की पुन्हा खाली, साडेसहा फेरे डावीकडे. दिवसातून दोनदा, सुट्टीच्या दिवशी चारदा. मनगट दुखायचं म्हणून त्या हाताला जुन्या साडीची पट्टी बांधत.

अमेरिकेतल्या घरात असं कुणी करत नाही. ती चावी वर्षातून एखाद्या वेळी, काही फुटलं-तुटलं तर फिरवायची असते. त्यातून काकांनी एकदा मेन बंद असताना स्वयंपाकघरातल्या नळाला थेंब लोंबताना पाहिला. पाइपात उरलेलं पाणी होतं ते. पण काका पाइप-पाना घेऊन खाली गेले आणि त्या नाजूक चाकाला आणखी पाव फेरा मारून आले. "घट्ट म्हणजे असं घट्ट," ते हात पुसत म्हणाले. बार्शीच्या नळाला ते बरोबर होतं. तिथे आत चामड्याची चकती असायची, ती दाबली की पाणी थांबायचं. इथे नुसती पितळेची झडप खाली सरकायची, जोर लावला की तिचे आटे झिजायचे. पुढे लांबच्या प्रवासाला निघाले, की काकूंच्या साडेसहा फेऱ्यांवर काकांचा पाना फिरायचाच. मोटारीची इंजिनं बनवणाऱ्या माणसाला पाना कुठे लावायचा हे सांगणार कोण?

चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात दोघं दहा दिवसांसाठी ह्यूस्टनला रेखाकडे निघाली. रेखा त्यांची एकुलती एक मुलगी, तिथे नोकरीला होती. त्यांना विमानतळावर सोडायला काकांचीच गाडी घेऊन मी आलो होतो. काकांनी निघता निघता थर्मोस्टॅट पार खाली आणला. "रिकामं घर कशाला तापवायचं?" म्हणाले. उशीर झाला होता म्हणून त्या दिवशी पाना राहिला. काकू बेसमेंटमधून वर आल्या आणि गाडीत मागे बसल्या. गल्लीच्या टोकाला पोचल्यावर म्हणाल्या, "अहो, चावी आज चावली नाही."

"म्हणजे?"

"आठ फेरे झाले. तरी फिरतच होती. मऊ लागत होती."

"अगं मग जास्तच बंद झाली! साडेसहाच्या जागी आठ. बोनस." काका माझ्याकडे बघून हसले. "श्री, चल यार, जरा दाब. फ्लाइट कॅन्सल करायची नाहीये आपल्याला."

"एकदा बघून येता का?" काकू म्हणाल्या.

"काही बघायचं नाहीये. ड्राइव्ह कर रे तू."

मी ड्राइव्ह केलं.

सातव्या दिवशी शेजारच्या बाईंचा मला फोन आला. टेंभेकरांच्या गॅरेजच्या दारातून पाणी येतंय आणि ड्राइव्हवेवर त्याचा बर्फ झालाय. माझ्याकडे घराची किल्ली होती. आत शिरलो तर स्वयंपाकघरात उत्तरेच्या भिंतीतला पाइप गोठून फाटला होता आणि पाणी फरशीवरून बेसमेंटच्या जिन्यात उतरत होतं. खाली मांडीपर्यंत पाणी. त्यात काकूंची पत्र्याची ट्रंक आडवी झालेली, त्यांच्या आईची पत्रं तिच्यात तारीखवार लावलेली असायची. मी त्या बर्फाळ पाण्यातून फर्नेसच्या मागे गेलो, लाल चाक धरलं आणि उजवीकडे फिरवलं, डावीकडे फिरवलं, पुन्हा उजवीकडे फिरवलं. वरून पाणी येतच होतं. शेवटी नगरपालिकेचा माणूस आला आणि त्याने रस्त्याच्या कडेचं झाकण काढून तिथून पाणी बंद केलं.

मी ह्यूस्टनला फोन लावला. काकांनी घेतला. पाइप, पाणी, फरशी, सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मेन कसा होता?"

मी ओलाचिंब होतो, दात वाजत होते. म्हणालो, "काका, पाणी धो धो वाहत होतं. चालूच असणार."

पलीकडे काकांनी रिसीव्हर बाजूला धरला. "कुमुद!" ते ओरडले, पण मला त्या आवाजात रागाबरोबर दुसरंही काहीतरी ऐकू आलं. त्याला काय म्हणायचं ते तेव्हा कळलं नव्हतं. आज कळतं. त्यांना आनंद झाला होता.

गाडीतलं ते बोलणं, आठ फेरे आणि मऊ लागणं, मला तेव्हा आठवलंसुद्धा नाही, आणि मी चाक फिरवूनही पाणी थांबलं नव्हतं हे सांगायचं सुचलं नाही. ज्या माणसाने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं तो ते विसरला आणि विसरल्याचा शिक्का बसला काकूंवर.

काकू सुरुवातीला भांडल्या. "मी फिरवला. उजवीकडे. आठ फेरे." काका लगेच म्हणत, "आठ कसे? रोज साडेसहा असतात ना? म्हणजे मोजण्यात गोंधळ झाला. बंद केलास आणि डावीकडे फिरवून परत उघडलास तू." काकूंचं म्हणणं जितकं नेमकं, तितकं ते त्यांच्यावरच उलटायचं. थर्मोस्टॅटचं नाव कुणी काढलं नाही. फोनवर रेखा म्हणाली, "आई, इट्स ओके, एव्हरीबडी फरगेट्स." काकू तिला म्हणाल्या, "मी विसरले नाही." रेखा पुन्हा म्हणाली, "इट्स ओके."

संक्रांतीला मंडळाचा कार्यक्रम होता. काकू तिळगुळाचा डबा घेऊन दारात आल्या आणि कुणीतरी म्हणालं, "काकू, मेन बंद करून आलात ना?" हॉल लोळला. गोष्ट अर्थात काकांनी आधीच रंगवून सांगितली होती, तरंगणाऱ्या कोल्हापुरी चपलांसकट. त्या घरात कोल्हापुरी चपला नव्हत्याच. स्वयंपाकघरातून त्या दिवशी दुरुस्ती आली नाही. त्यानंतर दर भेटीला तोच विनोद. कुणी निघताना म्हणायचं, कुणी आल्या आल्या. लहान पोरंसुद्धा "काकू, मेन?" म्हणून पळायची. मीही हसलो आहे. एकदा नाही, बऱ्याचदा.

मार्चमध्ये एका शनिवारी काकांनी मला बेसमेंटमधलं सामान हलवायला बोलावलं. पुरानंतर काकांनी काकूंना मेनच्या चाकाला हात लावू दिला नव्हता, आणि आता तिथे पाणी झिरपत होतं म्हणून प्लंबर यायचा होता. काकू त्या दिवशी हॉस्पिटलात कामावर होत्या. प्लंबर म्हातारा होता, गुडघे धरून खाली बसला. त्याने जुनी चावी कापून काढली, कानाशी धरून हलवली आणि हसला. आत काहीतरी खुळखुळत होतं. त्याने आम्हाला दाखवलं. चाकाचा दांडा फिरत होता, पण पाणी अडवणारी पितळेची झडप त्या दांड्यावरून कधीच सुटली होती. आटे पार झिजलेले. चाक कितीही फिरवा, झडप जागची हलायची नाही, वरच अडकून, पाण्याची वाट उघडी ठेवून बसलेली. "ही बंद करूनसुद्धा बंद होत नव्हती," तो म्हणाला. "कुणी पाना लावत होतं का हिला?"

मी काकांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्या क्षणी गाडीतलं सगळं आठवलं. आठ फेरे. मऊ. चावली नाही.

प्लंबर गेल्यावर काकांनी ती चावी वर्तमानपत्रात गुंडाळली आणि बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातली. मग माझ्या खांद्यावर हात टाकला. "श्री, काकूला हे सांगू नकोस. आता कुठे ती शांत झालीय. पुन्हा उकरून काढायचं म्हणजे तिलाच त्रास."

मी "बरं" म्हणालो. या माणसाने मला विमानतळावरून आणलं होतं, गाडी शिकवली होती, पहिल्या हिवाळ्यात स्वतःचा कोट दिला होता. त्यांना तोंडावर खोटं पाडायची माझी छाती झाली नाही. आणि दुसरं कारण सांगायलाच हवं, 'चालूच असणार' हे मीच म्हणालो होतो. काका खोटे ठरले असते तर त्यांच्याबरोबर मीही ठरलो असतो.

काकू शांत झाल्या होत्या हे खरं. पण कशा शांत? गॅस बंद करून त्या चार वेळा परत येऊन बघत. निघताना बेसमेंटमध्ये जात, वर येत, पुन्हा जात. गाडी गल्लीच्या टोकाला गेली, की काकांना परत वळवायला लावत. काका मंडळात सांगत, "वय झालं हो, विसरायला लागलीय." पन्नाशीही झाली नव्हती. एप्रिलमध्ये मी त्यांना विचारलं, "काकू, माझं जाड पुस्तक तुमच्याकडे राहिलंय का?" त्या म्हणाल्या, "असेल बहुतेक." मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिलो. त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मे महिन्यात काकांनी त्यांची स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे अपॉइंटमेंट घेतली. काकांना ऑफिस होतं, म्हणून गाडीतून मी नेलं. डॉक्टरने काही शब्द सांगितले, आकडे सांगितले, उलटे म्हणायला लावले. चाळीस मिनिटांनी बाहेर येऊन तो मला मुलगा समजून म्हणाला, "तुमच्या आईला काहीही झालेलं नाही. माझ्यापेक्षा चांगलं चालतं त्यांचं डोकं." मला सुटल्यासारखं वाटलं. मूर्खासारखं वाटलं की आता सगळं आपोआप मिटेल.

गाडीत काकू पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "शब्द सगळे आले मला. आकडेही आले."

"हो ना काकू. डॉक्टर म्हणालाच."

"मग चावी कशी राहिली रे?"

मी सिग्नलकडे बघत होतो.

"मला अजून हाताला आठवतंय, श्रीकांत. उजवीकडे. पण मग पाणी कसं आलं? पाणी तर आलं. म्हणजे मला जे आठवतंय ते झालंच नाही. मग बाकीचं जे आठवतं त्यातलं काय काय झालेलं नसेल?"

"होतं कधीकधी, काकू," मी म्हणालो. "नका विचार करू." तो सबंध रस्ता त्या वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारत राहिल्या आणि मी तेच उत्तर देत राहिलो. चावी कचऱ्यात गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती.

जूनमध्ये त्यांनी हॉस्पिटलची नोकरी सोडली. कुणी सांगितलं नव्हतं. "माझ्या हातून एखादी फाइल चुकीच्या जागी गेली तर पेशंट मरेल," त्या म्हणाल्या. खात्यातल्या बायकांनी केक आणला, रडल्या. काका म्हणाले, "बरं झालं, आता आराम कर." त्यानंतर त्या घराबाहेर एकट्या फारशा पडल्या नाहीत. हिमवादळाची गोष्ट पुन्हा एकोणसत्तर सालची झाली, आणि ताप रेखाला.

शहाऐंशीत मला न्यू जर्सीत नोकरी लागली आणि मी पिस्कॅटवेला आलो. ॲन आर्बर सुटलं याचं मला दुःख झालं असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं तर पळून आलो होतो. काकांचे दिवाळीला फोन यायचे. काकू फोनवर येऊन "बरी आहे" म्हणायच्या आणि रिसीव्हर परत द्यायच्या.

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात काका हार्ट ॲटॅकने गेले. मला तेव्हा जाता आलं नाही. ऑक्टोबरात गेलो. काका गेल्यावर मला धीर आला, मेलेल्या माणसापुढे तो कुणालाही येतो. दुपारची वेळ होती. काकूंनी चहा केला, गॅस बंद केला, बसल्या, उठल्या, बटण हाताने चाचपलं आणि पुन्हा बसल्या. केस सगळे पांढरे झाले होते. मी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. प्लंबर, झडप, झिजलेले आटे, वर्तमानपत्र, कचऱ्याचा डबा. गाडीतलं तुमचं बोलणंही मला आठवतंय म्हणालो. मी रडत होतो. त्यांनी रडू दिलं, थांबायची वाट पाहिली.

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"चावी काढली तेव्हा कोण कोण होतं?"

"काका, प्लंबर आणि मी."

"महिना?"

"मार्च. शनिवार होता."

"मी कामावर होते."

"हो."

"आणि डॉक्टरकडे मला मे महिन्यात नेलं. चौदा मे."

"हो."

"गाडी तू चालवत होतास."

"हो काकू."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील, कप फेकतील. मला ते हवं होतं. त्या म्हणाल्या, "रस्ताभर मी तुला विचारत होते." एवढंच. मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली न ऐकली, उठून भिंतीवरच्या फोनपाशी गेल्या आणि ह्यूस्टनचा नंबर फिरवला.

"रेखा, आई बोलतेय. मी चावी बंद केली होती... चावी. व्हॉल्व्ह. बेसमेंटमधला... नाही, आत्ता काही फुटलं नाही. तेव्हाचा. तुझ्याकडे आलो होतो तेव्हाचा." बराच वेळ त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला आठवत नाही का? बरं. काम कर तू."

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. ज्या गोष्टीपायी या बाईने नोकरी सोडली, स्वतःवरचा विश्वास सोडला, ती पोटच्या मुलीला धड आठवतही नव्हती. मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं, ड्रॉवरमधून मंडळाची सभासदांची यादी काढली, चष्मा लावला आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं.

मी कोट घातला. निघतो म्हणालो, त्यांनी मान हलवली, वळून पाहिलं नाही. बाहेर गाडीत बसलो तरी स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या दिसत होत्या. चौथ्या का पाचव्या नंबरावर पोचल्या होत्या. खिडकी अर्धी उघडी होती. ताठ उभ्या राहून त्या पलीकडच्या कुणाला तरी स्वच्छ, एकेक शब्द सुटा करून सांगत होत्या, "नाही, तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतंय, म्हणून सांगतेय."